पश्चिमेची खिडकी: ब्लाइंड की लाकडी झडप?

पश्चिमेच्या खिडकीला नुसता पडदा पुरत नाही, हे नागपूरकराला सांगायला नको. प्रश्न त्यापुढचा असतो. आतून व्हेनेशियन ब्लाइंड, म्हणजे वर ओढता येणारा आडव्या पट्ट्यांचा पडदा, टांगावा, की चौकटीत बसणारी, फिरत्या पात्यांची लाकडी झडप करून घ्यावी? आमच्याकडे दोन्ही आहेत. हॉलला ब्लाइंड, झोपायच्या खोलीला झडप. पुढे लिहिलंय ते वापरातून आलेलं आहे. मोजमाप करून पाहिलेलं नाही.

उन्हाचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. दोन्ही उपाय काचेच्या आतले. ऊन काच ओलांडून आलं की उष्णता बरीचशी घरात शिरलेलीच असते. पात्या फिकट रंगाच्या असतील तर काही ऊन काचेतून परत बाहेर जातं, बाकीचं पात्या आणि काच यांच्यामध्येच तापत राहतं. म्हणून बाहेरून छज्जा, हिरवी जाळी किंवा वाळ्याची ताटी असेल तर झडप लावली म्हणून ती काढू नका. झडप चौकटीला लागून बसते, त्यामुळे कडेने तिरीप येत नाही. दुपारी डोळ्यांना बरं वाटतं. तेवढं सोडलं तर गारव्यात मला मोठा फरक जाणवला नाही.

किमतीत ब्लाइंड सरळ जिंकतो. धुळीत झडप. ब्लाइंडच्या बारीक पट्ट्या पुसताना मुडपतात, झडपेच्या रुंद पात्यांवरून ओलं फडकं फिरवलं की झालं.

माझं मत ठरलं ते मात्र कूलरमुळे. कूलर चालवायचा तर हवेला बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली दमट होते आणि अंथरूण चिकट लागतं. म्हणजे समोरची खिडकी उघडी हवी, आणि कूलरची सगळी हवा तिथूनच बाहेर पडणार. ब्लाइंड असतो वरून लोंबणारा. हवा त्याला ग्रिलकडे ढकलते, जोर जरा कमी झाला की तो परत येऊन चौकटीवर आपटतो. टक, टक, टक. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, कूलर रात्रभर बंद होत नाही, आणि हा आवाजही. वर ओढून घेतला तर रस्त्यावरचा दिवा थेट तोंडावर. खालची पट्टी हुकात अडकवली तर मधला भाग फुगतो आणि पट्ट्या पिळवटतात. गुंडाळी होणाऱ्या अखंड कापडाच्या रोलर ब्लाइंडचं तर त्याहून अवघड, तो हवाच अडवून धरतो. हॉलमध्ये रात्री कुणी झोपत नाही म्हणून तिथे हे चालून जातं. झोपायच्या खोलीत मला ते सहन झालं नाही.

झडपेच्या पात्या दोन्ही टोकांना पल्ल्यात अडकलेल्या असतात. जिथे फिरवाल तिथे राहतात, हवा मधून निघून जाते, आवाज नाही. त्यातही वरचा आणि खालचा पल्ला वेगळा करून घ्या. खालचा मिटलेला, वरच्या पात्या उघड्या: रस्त्यावरून आत दिसत नाही आणि कूलरची हवाही कोंडत नाही.

अडचणी झडपेलाही आहेत. पल्ले आत उघडतात, तेव्हा खिडकीला चिकटून पलंग किंवा टेबल असेल तर रोजचा वैताग. खिडकीची तावदानंच आत उघडत असतील तर विचार सोडून द्या. स्लायडिंग किंवा बाहेर उघडणारी खिडकी हवी. पाती फिरताना कडीला अडकू नये इतकी जागा आधी मोजून घ्या. लहान खिडकीला ६३ मिलिमीटरची पाती शोभते, मोठ्या खिडकीला ८९ची. आणि ज्या खिडकीत कूलरच बसवलाय, तिचा प्रश्नच नाही.

लाकूड सागवानच घ्या असं मी म्हणेन. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडीठक्क आणि जुलैत ओलीचिंब. कच्चं लाकूड त्यात वाकतं, पात्या अडकायला लागतात. लकडगंजाच्या लाकूडबाजारात चौकशी करताना दर नंतर विचारा, लाकूड वाळलेलं आहे का ते आधी. पॉलिश पात्यांच्या टोकांनाही हवं, ओल तिथूनच शिरते. पीव्हीसीच्या झडपा न्हाणीघराला उत्तम. पश्चिमेच्या लांब खिडकीला, आत ॲल्युमिनियमचा आधार नसेल तर, मी तरी लावणार नाही.

भाड्याचं घर असेल किंवा रात्री खिडक्या बंद करून एसी चालत असेल, तर ब्लाइंडवर भागेल. जास्त पैसे घालण्याचं कारण दिसत नाही. कूलरवर उन्हाळा काढणाऱ्यांनी मात्र निदान झोपायच्या खोलीपुरता झडपेचा विचार करावा. आमच्या हॉलचा ब्लाइंड अजून धड आहे म्हणून राहू दिलाय. तो गेला की तिथेही सागवानी झडपच येईल.