कॅपाडोकिया की मेटेऑरा? चालायचं असेल तर कुठे जायचं

कॅपाडोकिया तुर्कीत, मेटेऑरा ग्रीसमध्ये, आणि नकाशात हे दोन देश शेजारी दिसतात म्हणून दोन्ही एकाच ट्रिपमध्ये उरकू असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. मधला प्रवास आणि दोन वेगळे व्हिसा बघितले की मात्र एकच निवडावं लागतं.

दोन्हीकडे ख्रिस्ती साधू खडकांच्या आश्रयाला आले. फरक एवढाच की कॅपाडोकियात ते खडकाच्या आत शिरले आणि मेटेऑरात खडकाच्या डोक्यावर जाऊन बसले, आणि तुमचा ट्रेक कसा होणार ते इथेच ठरतं.

कॅपाडोकियाचा दगड म्हणजे ज्वालामुखीची राख दाबून झालेला टफ, एकदम मऊ, त्यामुळे अख्खी चर्चं आत कोरून काढलीयेत. खांब आहेत, कमानी आहेत, आणि त्यांच्यावर भार कसलाच नाही, म्हणजे आपल्या लेण्यांतल्यासारखंच सगळं. लोक इथल्या गोरेमे गावाला जातात, बलूनचे फोटो काढतात आणि परत येतात, पण खरं चालणं इहलारा दरीत आहे. इहलारा गाव ते सेलिमे साधारण 14 किमी, दरी शंभरेक मीटर खोल, खालून मेलेंडिझ नदी आणि काठाला झाडांची सावली. टूरवाले मधल्या गेटने जवळजवळ 400 पायऱ्या उतरवून बेलिसिर्मापर्यंत नेतात, तिथे नदीवर मांडलेल्या बैठकांवर जेवण, की संपलं. तुम्ही तसं करू नका, दिवस काढा आणि सेलिमेपर्यंत जा, तिथे टेकडीत कोरलेला मठ आहे. वाटेतल्या चर्चमध्ये सरळ आत जाता येतं. आआचअल्ती चर्चच्या घुमटातली चित्रं अजून रंग धरून आहेत, पण इथल्या बऱ्याच चर्चमध्ये हात पोचेल तिथपर्यंतचे चेहरे खरवडलेले, डोळे तर आधी, आणि वर हात पोचला नाही तिथे सगळे शाबूत.

अरबांच्या स्वाऱ्या यायच्या तेव्हा लोक देरिनकुयूसारख्या भुयारी गावांत उतरायचे, ते जवळपास 85 मीटर खोल आहे, आणि गोल दगडी दारं आतून ढकलून वाट बंद करायचे. बंद जागेत घाबरायला होत असेल तर इथे जाऊच नका, काही बोळांतून वाकूनच जावं लागतं. आणि रोझ व्हॅलीत संध्याकाळी जाणार असाल तर बूट चांगले घाला, भुसभुशीत उतारावर पाय सटकतो आणि वाटांना पाट्या धड नाहीत.

मेटेऑराचा प्रकार उलटा. वाळू-गोट्यांच्या दगडाचे सरळ उभे सुळके, आधी त्यांच्या कपारीत एकेकटे साधू राहायचे, मग 14 व्या शतकात अॅथॉस या ग्रीसमधल्या साधूंच्या डोंगरावरून आलेल्या अथानासिओसने वरती मोठा मठ उभारला, आणि तुर्क जवळ येत गेले तशी ही उंची अजूनच कामाची ठरली. वर जायला शिड्या, नाहीतर जाळ्यात बसायचं आणि वरचे लोक दोर ओढणार, पायऱ्या खोदल्या त्या 1920 च्या दशकात. चोवीसपैकी सहाच मठ आता चालू आहेत, पण ते खरंच चालू आहेत, पूजाअर्चा होते, आणि कॅपाडोकियात हेच नाही, तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीत निघून गेले.

चालण्याच्या बाबतीत मात्र मेटेऑरा मला थोडं कमी पडतं. सहाही मठांपर्यंत डांबरी रस्ता आहे, बसेस येतात. पायथ्याच्या कलंबाकातून होली ट्रिनिटी मठाकडे चढणारी जुनी फरसबंदी वाट आणि शेजारच्या कास्त्राकी गावामागची साधूंच्या गुहांची बाजू, एवढं पायी नक्की करा. निकोलस अनापाफ्सास मठात 1527 ची चित्रं आहेत, त्यात आदम प्राण्यांना नावं ठेवतोय (म्हणजे नामकरण करतोय, नाहीतर गैरसमज व्हायचा), मठ छोटा आहे पण तो चुकवू नका. बायकांना स्कर्ट लागतो, ट्रेक पँट चालत नाही, आणि प्रत्येक मठाची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते, म्हणून आधी बघून ठेवा.

आई-बाबा सोबत असतील तर डोळे झाकून मेटेऑरा, सेंट स्टीफन मठात नुसता पूल ओलांडून आत जाता येतं. ज्यांचे वीकेंड सह्याद्रीत जातात त्यांनी इहलारा. मे 2025 मध्ये तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली, त्यानंतर तिथे जायचंच नाही असं ठरवलेले बरेच आहेत, तो ज्याचा त्याचा प्रश्न. ग्रीसला शेंगेन व्हिसा लागतोच, त्याची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जीव जातो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरला जायचं असेल तर उन्हाळ्यातच कामाला लागा.