सुट्टीत पोरांना रंगात सोडायचंय: खळ, माती की पोस्टर कलर?

मे महिना लागला की कोल्हापुरात घरोघरी एकच विषय: पोरांचा मोबाइल सोडवायचा कसा? अंगभर रंग माखून घ्यायची मोकळीक द्या, दोन तास कुणाला मोबाइल आठवत नाही. रंगपंचमी दणक्यात खेळणाऱ्या गावाला रंगाच्या पसाऱ्याचं भय वाटायचं कारण नाही. ठरवायचं एवढंच, की रंग कोणता. माझं मत आधीच सांगते. पाचच्या आतल्या मुलाला घरची खळ द्या, त्याहून मोठ्यांना माती. पोस्टर कलर ज्याला खरोखर चित्र काढायचंय त्यालाच.

रंगपंचमीच्या उरलेल्या पुड्या मात्र यात आणू नका. त्या कशापासून केल्यात हे बहुतेक पुड्यांवर लिहिलेलं नसतं, आणि कोरडी पूड डोळ्यांत-नाकात जाते.

खळ म्हणजे पतंगाला लावतो तीच, जरा पातळ. एक वाटी मैदा चार वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चिमूटभर मीठ टाकायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. चमक आली की उतरवायची. निवल्यावर वाट्यांत काढून एकीत हळद, एकीत बिटाचा रस, एकीत वाटून गाळलेला पालक. दोन वर्षांचं पोर रंगात बोट बुडवतं आणि ते थेट तोंडात घालतं. खळ असली की आपला जीव टांगणीला लागत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. ब्रश लागत नाही, कागदही लागत नाही. जुनी परात किंवा गच्चीची फरशी पुरते. गव्हाचं वावडं असेल तर तांदळाच्या पिठाची करा. उणीव म्हणाल तर रंग फिके येतात, बिटाचा गुलाबी उन्हात उडतो, मुंग्या लागतात आणि या उकाड्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते. म्हणून लागेल तेवढीच शिजवा.

मातीबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण आपल्या जिल्ह्यात ती रंगपेटीसारखी मिळते. पन्हाळ्याकडच्या जांभ्याची लाल, पंचगंगेकाठच्या रानातली काळी आणि फिकट राखी शाडू. गणपतीचं काम चालणाऱ्या बापट कॅम्प, शाहूपुरी किंवा गंगावेशीतल्या कुंभारांकडे शाडूची चौकशी करा. वर किराणा दुकानातला किंवा रंगवाल्याकडचा गेरू आणि घरातली हळद. एवढ्यावर पाच रंग होतात. माती आणली की खडे, काचा निवडून रात्रभर भिजत घाला आणि सकाळी जुन्या पातळ फडक्यातून गाळा. नुसती पाण्यात कालवली तर वाळल्यावर तिचे पापुद्रे सुटतात; त्यात थोडी खळ किंवा भिजवलेला डिंक घातला की ती चिकटून राहते.

हे भिजवणं, गाळणं मुलांनाच करू द्या. सहा-सात वर्षांच्या पोराला चित्रापेक्षा यातच जास्त गोडी असते. काळी माती बोटांना चिकट लागते, लाल जरा खरखरीत आणि शाडू एकदम मऊ, हे ते आपणहून बोलायला लागतं. मग कंपाउंडच्या भिंतीवर जुनी चादर टांगा आणि केरसुणी, नारळाची शेंडी, कापलेली भेंडी हाताला द्या.

हळदीचा एक खेळ यात हमखास घ्या. चादरीच्या एका कोपऱ्याला हळदीचं दाट पाणी फासून वाळू द्या. नंतर साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर रेघ मारायला सांगा. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. तिच्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं! हळदीतला रंग आम्लात पिवळा राहतो आणि साबण, सोडा असल्या अल्कलीत तांबडा होतो. चुन्यानंही हेच होतं, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, म्हणून तो मुलांच्या हाती नको. परसात गोकर्ण असेल तर फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून जांभळा रंगही करता येतो.

मातीची खरी अडचण फ्लॅटमध्ये येते. गच्चीवर धुतलेली माती पाइपात बसते आणि पहिल्याच वळवाला पाणी तुंबतं. राजारामपुरी किंवा नागाळा पार्कात वरच्या मजल्यावर राहत असाल तर सगळं टबात धुवा. माती खाली बसली की वरचं पाणी ओता आणि गाळ झाडाच्या बुडाशी टाका. हे जमणार नसेल तर मोठ्या मुलांनाही खळच द्या. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत मागं मोकळी जागा असलेल्यांना ही चिंताच नाही.

पोस्टर कलरचा रंग ठसठशीत, त्यात शंका नाही. पण पाच-सहा पोरांपुढं छोट्या बाटल्यांचा डबा ठेवला तर तो बघता बघता संपतो, आणि ‘सांडू नको’ म्हणण्यातच आपला वेळ जातो. नऊ-दहा वर्षांचं मूल असेल, हात बसलेला असेल, तर त्याला हे रंग देऊन सकाळी लवकर रंकाळ्यावर न्या. आबालाल रहिमान यांनी याच रंकाळ्याची चित्रं रंगवली, हे तिथं बसूनच सांगा. ब्रश मात्र घरी येऊन धुवायचे, तळ्यात नाही. घेताना बाटली वाचून घ्या: ॲक्रिलिक आणि फॅब्रिक कलर दिसायला तसेच असतात, पण वाळले की कपड्यांवरून निघत नाहीत.

रंग कुठलाही घ्या, वेळ सकाळी सात ते नऊ. अकरानंतर गच्चीवर पाय भाजतात आणि रंग वाटीतच सुकतो. संध्याकाळीही चालेल, फक्त पश्चिमेला ढग भरून आले तर विजा चमकायच्या आत पोरांना खाली घ्या.

घरात लहान-मोठी भावंडं एकत्र असतील तर मातीचीच तयारी करा आणि धाकट्याला वेगळ्या परातीत खळ द्या. त्याच्या परातीत गेरू जाऊ देऊ नका. कपडे टाकायच्या लायकीचेच घाला, कारण गेरूचा डाग पुरता जात नाही. हळदीचा डाग साबण लागल्यावर लाल दिसला तर घाबरू नका. भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत तो बराच फिका पडतो.