इंटरडेंटल ब्रश: वस्तू उत्तम, पाकीट वैतागवाणं

डीप क्लीनिंग, म्हणजे हिरडीखालची साफसफाई, झाल्यावर हिरड्यांच्या डॉक्टरांनी फ्लॉस, म्हणजे दातांमध्ये फिरवायचा दोरा, बाजूला ठेवायला सांगून दातांमधल्या फटीत घालायचे हे बारके ब्रश सुचवले. मी मिश्र मापांचं पाकीट घेतलं.

माझ्या खालच्या दाढांपाशी पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खाच, 5-6 मिलिमीटर खोल निघालं होतं. निरोगी हिरडीत ही खाच 1 ते 3 मिलिमीटरच असते. म्हणजे प्रकरण नुसत्या सुजेच्या पुढे गेलं होतं. दात हाडात घट्ट चिकटलेला नसतो, बारीक तंतूंनी धरलेला असतो. हिरडीखाली साचलेल्या जंतूंशी झुंजताना शरीराची स्वतःची सूजच हे तंतू तोडते आणि हाड झिजवते. आणि बहुतेकदा दुखत काहीच नाही, लबाड आजार आहे! साफसफाईनंतर सूज उतरली, हिरड्या आकसल्या आणि दातांमध्ये काळे त्रिकोण दिसू लागले.

त्या फटींत हा ब्रश खरोखर काम करतो. दाढेच्या मुळाला बाजूने खोलगट पन्हळ असते. फ्लॉसचा दोरा तिच्यावरून ताणून निघून जातो, ब्रिसल्स, म्हणजे ब्रशचे केस, मात्र आत पोचतात. सुरुवातीला ब्रश लालच बाहेर यायचा, पुढे रक्त थांबलं. तुमचं थांबत नसेल तर दाखवून घ्या. सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, धूम्रपानाने ते लपतं. गेलेलं हाड यानं परत येत नाही, आणि हिरडीखालचं जुनं कीटण तर डॉक्टरांनीच काढायचं.

आता तक्रार. पाकिटावर हसरा चेहरा केवढा, मापाचा आकडा मात्र भिंगातून शोधावा लागतो. रंगावर विसंबू नका, दुसऱ्या कंपनीत तोच रंग वेगळ्या मापाचा निघतो. ब्रिसल्स फटीत किंचित घासल्या पाहिजेत, पण ब्रशची मधली तार दाताला लागता कामा नये. माझ्या पुढच्या दातांना एक माप बसतं, दाढांना त्याहून मोठं, बाकीचे ब्रश पडून आहेत. शेवटच्या दाढेपाशी सरळ दांडी नेताना गाल आडवा येतो, तार दुमडते आणि लवकरच तुटते.

दात एकमेकांना चिकटून असतील, हिरडी शाबूत असेल, तर हा ब्रश दामटून घालू नका. तिथे फ्लॉसच बरा. फटी पडल्या असतील तर जरूर घ्या, पण माप आधी डॉक्टरांकडून ठरवून. मी यापुढे मिश्र पाकीट घेणार नाही. लागतात ती दोनच मापं, आणि दाढांसाठी वाकड्या दांडीचा.