भुजंगप्रयात की पादाकुलक?

भाचीला वृत्तात कविता लिहायचीय, पण सुरुवात कोणत्या वृत्ताने करावी हे ठरत नाहीये.

भुजंगप्रयात हे अक्षरगणवृत्त, म्हणजे ओळीतल्या लघु (आखूड) आणि गुरु (लांब) अक्षरांचा क्रम ठरलेला. चरणात 12 अक्षरं, ‘य’ गण (तीन अक्षरांचा गट, लघु-गुरु-गुरु) चार वेळा. मनाच्या श्लोकांमुळे चाल कानात असतेच, चूक लगेच खटकते. पण दोन लघु शेजारी चालत नाहीत. ‘अवखळ’ शब्द बाहेरच.

पादाकुलकात अक्षरं कितीही, मात्रा (उच्चाराचा वेळ मोजायचं माप) 16. लघुची एक, गुरूच्या दोन. ‘अंगणात ये अवखळ वारा’ सहज बसतं. मात्र 8-8चे दोन भाग सांभाळावे लागतात. नुसती बेरीज जुळवलेली ओळ म्हणताना अडखळते, आणि नवख्याला कारणही सापडत नाही.

गण पाडायचा सराव हवा असेल तर भुजंगप्रयात. स्वतःच्या बोलण्यातले शब्द कवितेत आणायचे असतील तर पादाकुलक. भाचीला मी पादाकुलकच सुचवलं.