घरून प्लास्टिक नेणारी सर्व्हिस: माणसं चांगली, पत्रक फेकू

तीन महिने वापरून मग लिहितोय. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत घरून सुकं प्लास्टिक न्यायची सर्व्हिस चालू झालीय, नाव टाकत नाही कारण पोरं मेहनती आहेत आणि माझं भांडण त्यांच्याशी नाहीच, त्यांच्या पत्रकाशी आहे. अ‍ॅपवर स्लॉट घ्यायचा, दोन किलोच्या वर साठलं की येतात, दारातच काट्यावर वजन करतात, पैसे घेत नाहीत नि देतही नाहीत. दोनदा स्लॉट देऊन उगवलेच नाहीत, तेव्हा बाल्कनीत पिशव्यांचा ढीग आणि बायकोची बोलणी, दोन्ही मला.

तर पत्रक. "ग्रीन केमिस्ट्री आणि बायो-एंझाइमने तुमचं सगळं प्लास्टिक रिसायकल!" शेजारच्या काकूंना वाटलं लिंबाच्या साली आणि गूळ घालून तीन महिने मुरवतात ते साफसफाईचं घरगुती बायो-एंझाइमच हे, म्हणाल्या माझ्याकडे दोन कॅन पडलेत, घेऊन जा म्हणावं.

एंझाइमचा प्रकार खोटा नाहीये हं. 2016 मध्ये जपानमधल्या साकाईला बाटल्या रिसायकल करतात तिथे पेट (म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं) प्लास्टिक आपल्या एंझाइमने, म्हणजे रेणू तोडणाऱ्या प्रथिनाने, खाणारा बॅक्टेरिया सापडल्याचं जाहीर झालं. मग 2020 मध्ये फ्रान्सच्या कार्बिऑस कंपनीवाल्यांनी पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून मिळालेलं दुसरंच एक एंझाइम सुधारून 72 डिग्रीला 10 तासांत 90 टक्के पेट सुटं करून दाखवलं. सुटं म्हणजे वितळवून नाही, पेटच्या रेणूंच्या साखळीत एस्टर नावाचे रासायनिक जोड असतात ते पाण्याच्या मदतीने कापायचे, की मूळचा कच्चा माल हातात येतो आणि त्याची परत नव्यासारखी बाटली होते. नुसतं वितळवलं की माल दर खेपेला उतरत जातो, रंगीत बाटल्यांचं तर विचारूच नका. त्यामुळे हे मला खरंच भारी वाटतं.

पण "सगळं प्लास्टिक" कुठून आणलं राव? दुधाची पिशवी पॉलिथिनची, त्यात एस्टरचा जोडच नसतो, हे एंझाइम कापणार काय, कपाळ? चिप्सचं पाकीट म्हणजे प्लास्टिकचे थर आणि आत चकाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा, तिथेही तेच. आणि आमच्या पिशवीत निम्म्याच्या वर हाच माल असतो. (दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे परत मिळणार असं 2018 च्या प्लास्टिकबंदीत ऐकलं होतं, मला तर अजून एकदाही मिळाले नाहीत.)

शेवटी न्यायला येणाऱ्या पोरालाच विचारलं. तो म्हणाला, "काका, खरं सांगू का, बाटल्या धाग्याच्या फॅक्टरीला, दुधाच्या पिशव्या वितळवून प्लास्टिकचा दाणा करायला, चिप्सची पाकिटं सिमेंटच्या भट्टीत. एंझाइमचं मला नाय माहीत." एवढंच पत्रकावर छापलं असतं तर मी पाच स्टार दिले असते, कारण हे तिन्ही उकिरड्यापेक्षा बरंच आहे.

आत्ता साडेतीन. अर्धा त्या पोराचा आहे. घेणार असाल तर दुधाच्या पिशव्या धुवून वाळवून द्या नाहीतर वास मारतो आणि ते परत करतात, बाटलीची झाकणं वेगळी काढा, ती पेटची नसतात. आणि रविवारचा स्लॉट घेऊ नका, माझे दोन्ही रविवारचेच बुडाले.