रेडिओ की मोबाइल? रावेरच्या बांधावरून

शेतीचा सल्ला दोन्हीकडे मिळतो. हवामान खात्याची कृषी सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. प्रश्न ती बांधापर्यंत पोचायचा.

मोबाइलवर २०१९ पासून शेती-हवामानाचं 'मेघदूत' ॲप आहे, विजेच्या इशाऱ्याला 'दामिनी' ॲप. तासाभरात वावटळ येणार असेल तर हेच कामाचं, रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम आपल्या वेळेलाच लागणार. पण आमच्या ग्रुपवर जुन्या गारपिटीचा व्हिडिओ 'आजचा' म्हणून दोनदा फिरलाय.

आबांचा रेडिओ पंपघरात खिळ्याला टांगलेला. दोन सेल, एरियलला तांब्याची तार. हात चिखलात असले तरी कान मोकळे. मे महिन्यात केळीला घड धरला की वादळाआधी झाडं पट्ट्यांनी बांधायची, थंडीत रात्रीचं पाणी द्यायचं, ही कामं ते जळगाव आकाशवाणी ऐकत ठरवतात. वर सातपुड्यातल्या पाड्यांवर जिथे रेंजच नाही, तिथे तर तुलनाच नको. आणि कापूस पहिल्या पावसाला लावायचा की थांबायचं, हे कोणी अहिराणीत समजावलं तर माणूस ऐकतो.

माझं मत: वादळाला मोबाइल, हंगामाला रेडिओ. आबा मात्र रेडिओ लावूनही आधी दाराबाहेर येऊन आभाळ बघतात.