सिंकखालचा बॉटल ट्रॅप: चवथीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून (आणि त्याच्या वॉशरबद्दल बरंच काही)

बॉटल ट्रॅप (सिंकच्या पाइपाला लागणारा, खाली पाणी साठवणारी वाटी असलेला बाटलीसारखा भाग) घ्यावा का? घ्या. फक्त त्यातला रबरी वॉशर पहिल्याच दिवशी काढून टाका आणि दुसरा बसवा. खरं तर एवढ्यावर थांबता आलं असतं, पण त्या वॉशरने मला जो ताप दिलाय तो लिहून काढल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

माझा ट्रॅप साधा, पांढरा प्लास्टिकचा, ४० मिमीचा, खालची वाटी हाताने फिरवून निघते असा. फोंड्याच्या बाजारात साडेतीनशेच्या आत मिळाला. दुकानदार आधी चकचकीत पितळी दाखवत होता. तो ३२ मिमीचा, म्हणजे वॉश बेसिनचा. सिंकला लावायचा तर मध्ये रिड्यूसर, म्हणजे मोठ्या मापाला लहान माप जोडणारा तुकडा आला, आणि खरकट्या पाण्याची वाट आणखी अरुंद झाली. दिसायला सुंदर असेल, पण कपाटाच्या आत बघायला कोण जातंय?

आधी आमच्याकडे बहुतेक घरांत असतो तोच वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप होता. स्वस्त, कसाही वाकवा. पण त्याच्या प्रत्येक वळीत तेलकट गाळ जाऊन बसतो. चवथीत नेवऱ्या तळल्या, पाच दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि विसर्जनानंतर सिंकमधलं पाणी हलेनाच. जाऊबाईंनी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर सुचवलं. फेस झकास येतो, मुलांना मजा वाटते. पण ते दोघे एकमेकांनाच मारून मोकळे होतात, मागे उरतं ते किंचित खारट पाणी. चरबी जागच्या जागी. मग पावडरीची पाकिटं. त्यातल्या कॉस्टिक सोड्याने तेलाचा साबण होतो हे खरं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं. मग पुन्हा पाकीट. वर भीती वेगळीच: पाण्यात पडल्यावर ती चांगलीच तापते, आणि पावडर टाकल्यावर कोणी पंपाने दाबायला गेलं तर ते पाणी डोळ्यांत उडायचं. अॅल्युमिनियमचं भांडं तर त्या वेळी सिंकमध्ये नकोच.

शेवटी घरपोच सेवा देणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावला. त्याने वरून स्प्रिंग घातली, दोनदा फिरवली, आणि म्हणाला, "ताई, भिंतीतला पाइप चोक आहे, टाइल फोडावी लागेल." येण्याचे पैसे मात्र चोख घेतले. तो गेल्यावर मी खाली बादली ठेवली, वळ्यांचा पाइप ओढून काढला आणि भिंतीतल्या तोंडात तांब्यांमागून तांबे पाणी ओतलं. सरळ गेलं, कुठे अडलं नाही. चोक होता तो माझ्या हातातल्या पाइपात. नारळाचा चोथा, तारल्यांचे खवले आणि या सगळ्यावर पांढरं मेण. टाइल फोडायची होती म्हणे!

त्याच दिवशी ट्रॅप आणला आणि पुढे वळ्यांचा न लावता आतून गुळगुळीत पाइप लावला, फुटाला पाव इंच उतार देऊन. ट्रॅपमध्ये पाणी साठून राहतं, त्यामुळे वास आणि झुरळं वर येत नाहीत, हा बोनस. खरी गंमत वाटीची. महिन्यातून एकदा खाली डबा ठेवायचा, वाटी फिरवायची, गाळ कचऱ्यात, वाटी धुऊन परत. ना पाना लागतो, ना माणूस. इतकं समाधान मला घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूने दिलं नसेल.

डिसेंबरात मात्र मत डळमळलं. सकाळी पाणी पुन्हा रेंगाळायला लागलं, दुपारी आपोआप बरं. हा काय प्रकार, म्हणून वाटी उघडली तर आत पांढरी वडी. मग फडताळावरच्या खोबरेल तेलाच्या बाटलीकडे लक्ष गेलं, तीही गोठलेली! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि आमच्याकडे थंडीत पहाटे पारा त्याच्याही खाली जातो. आपल्या स्वयंपाकात नारळ आणि खोबरेल जितकं, तितकं इतर ठिकाणी नसेल, त्यामुळे हा त्रास खास आपला असावा. उपाय फुकटचा आहे: कढई आधी कागदाने पुसायची आणि रात्री कोमट पाणी सोडायचं. उकळतं नको, ८० अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडतो.

आता वॉशर. चारेक महिन्यांत वाटीचा वॉशर तेलाने असा फुगला की खाचेत बसेना. थेंब, थेंब, थेंब. कपाटातली कांद्यांची टोपली ओली, खालच्या प्लायला फुगवटा. वाटी आणखी घट्ट करावी तर प्लास्टिकचे आटे जायची भीती. शेजारच्या भाऊंनी टेफ्लॉन टेप गुंडाळून दिली. उपयोग शून्य, कारण इथे पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. दुकानात गेले तर उत्तर: "सुटा वॉशर येत नाही, अख्खा सेट घ्या." दहा रुपयांच्या रबरासाठी साडेतीनशे! मी तिथेच विचारलं, चप्पलचा अंगठा तुटला तर नवे पाय घेता का. त्याला हसू आलं, मला नाही.

मी हट्टाला पेटले. मापाला जुना वॉशर घेऊन बाजार पालथा घातला. शेवटी विहिरीचे पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात डब्यातून एक काळी रिंग निघाली. "हें व्हर बाय, तेलांत फुगचें ना." नायट्रायल रबर. साधं रबर तेल पिऊन फुगतं, हे फारसं फुगत नाही, म्हणून पंपांत आणि गाड्यांत तेच वापरतात. मग चरबीचं पाणी रोज पिणाऱ्या ट्रॅपमध्ये कंपनीने साधं रबर का घालावं? दोन-चार रुपये वाचवायला? मी तीन रिंगा घेतल्या. पहिली अजून टिकून आहे.

पावसात सिंक पुन्हा मंदावलं. चरफडत वाटी उघडली तर स्वच्छ. मग लक्षात आलं की धुण्याच्या जागेतली नहाणीही गुडगुडतेय. दोन ठिकाणी एकदम तुंबतं तेव्हा दोष सिंकखाली नसतो, बाहेर असतो. आमचं पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या गोव्यात जुलैमध्ये जमिनीलाच प्यायला जागा उरत नाही. त्याचे गुण मी ट्रॅपचे कापत नाही. चेंबरमधला पाला काढल्यावर थोडा फरक पडला, बाकीचं इमारतीच्या बैठकीत भांडायचं आहे.

पाचपैकी चार. कापलेला एक गुण अख्खा वॉशरचा. सिंकखाली वाटी फिरवायला हातभर मोकळी जागा नसेल तर मात्र घेऊ नका. ट्रॅप उघडताच आला नाही तर त्याचा वळ्यांच्या पाइपापेक्षा काही फायदा नाही.